दहा दिवस अडलेली फाइल

आमच्या गावचा बाजार वाराने भरत नाही, तारखेने भरतो. तीन आणि आठ. म्हणजे तीन, आठ, तेरा, अठरा, तेवीस, अठ्ठावीस. सुनेने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, मग वार कसा लक्षात ठेवायचा?" ती म्हणाली, "ठेवायचाच नाही आई. कॅलेंडर बघायचं." सासरी तालुक्याच्या गावात मी चाळीस वर्षं गुरुवारचा बाजार केला. कोथिंबीर संपली की बुधवारी हात हलवत बसायचं, हे अंगात मुरलेलं. इथे कधी सोमवारी बाजार, कधी रविवारी. वर्षभर माझी कोथिंबीर चुकत राहिली. कोथिंबीर इथे मिळत नाही म्हणा, ती पार्सलने येते, पण सवय म्हणून सांगितलं.

आमचं गाव म्हणते मी, ते जपानातलं. मुलगा आधी टोकियोत होता, निशी-कसाई नावाच्या वस्तीत. तिथे खाली उतरलं की दोन मराठी बायका भेटायच्याच. मग त्याने इथल्या कारखान्यात नोकरी घेतली आणि आम्ही डोंगरातल्या या गावात आलो. सून आठवड्यातून तीन दिवस ट्रेनने कामाला जाते, सकाळी सातची धरते आणि दिवेलागणीनंतर उगवते. दिवसभर घरात मी आणि देव.

या गावाचं असं झालं म्हणतात की डोंगरातले लोक रेशमाचे कोष घेऊन खाली यायचे, समुद्राकडचे मीठ आणि सुकी मासळी घेऊन वर यायचे, आणि दोघं जिथे दमून टेकले तिथे बाजार बसला. गाव मागाहून आलं. हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं, अर्धं हातांनी आणि अर्धं सुनेच्या तोंडून. आता कोष नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, पण निम्म्यांची शटरं कायमची खाली. घड्याळाच्या दुकानावर अजून भलंमोठं घड्याळ लटकतंय, बंद. त्याच्या वळचणीखाली आजींची जागा.

आजी म्हणते, पण वयात दहा-अकरा वर्षांचंच अंतर. मी बहात्तर, त्या त्र्याऐंशी. त्यांचं घर आमच्या घराला लागून. त्या लोणची विकायच्या. भाताच्या कोंड्यात मुरवलेला मुळा, मिठातला लाल सलगम, कोबीसारखा एक लांबट पाला असतो त्याचं. मी पहिल्या वर्षी माझं लिंबाचं लोणचं त्यांना चाखायला दिलं. तोंडात घातलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं, गेल्या की काय! मग म्हणाल्या, "ओकासान, हे लोणचं आहे की शिक्षा?" सुनेने हे भाषांतर करून सांगितलं आणि आम्ही तिघी हसलो. तेव्हापासून आमचं जमलं. त्या मला ओकासान म्हणायच्या, म्हणजे आई. मी त्यांना आजी. माझं जपानी बाजारातलं आहे: किती, जास्त, थंडी, दुखतंय, छान. तेवढ्यावर आम्ही सहा वर्षं गप्पा मारल्या.

त्यांच्या जागेवर त्यांच्या सासूबाई बसायच्या, त्याआधी त्यांच्या सासूबाई. कुठे लिहिलेलं नव्हतं. या बाजारात कुणाचीच जागा कागदावर नव्हती. एखादा आजारी पडला तर त्याची जागा मोकळी राहायची, दोन्ही बाजूंचे लोक आपली ताडपत्री तिकडे इंचभरही सरकवायचे नाहीत. आमच्याकडच्या बाजारात असं कुणी जागा सोडून गेलं असतं तर परत येईपर्यंत तिथे कांद्याचा ढीग दिसला असता.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सांगायला जड जातंय, म्हणून इतकं इकडचं तिकडचं बोलले.

इथे गल्लीत एक फाइल फिरते. कायरानबान म्हणतात तिला. नगरपालिकेचे, गल्लीच्या मंडळाचे कागद एका पुठ्ठ्याला लावलेले असतात. एका घराने वाचायचं, आपल्या चौकटीत शिक्का मारायचा, आली कधी आणि पुढे दिली कधी ती तारीख लिहायची, आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायची. आमच्याकडे पलीकडच्या घरचे म्हातारे आणून द्यायचे, आमच्यानंतर आजी, त्यांच्यानंतर न्हावी. हे काम माझं होतं. वाचता काही येत नव्हतं, पण शिक्का मारायला येत होता. आमच्या आडनावाचा छोटा गोल शिक्का मुलाने करून घेतलाय. मी तो मारायची, आकडे लिहायची, पदर सारखा करून आजींच्या दारात जायची. आपणही कुणाच्या उपयोगी आहोत असं वाटायचं. बहुतेक वेळा त्यात कचऱ्याचं वेळापत्रक, नाहीतर नाल्याची साफसफाई. सून रात्री विचारायची, "काय होतं फाइलमध्ये?" मी म्हणायची, "तुमचा कचरा."

गेल्या डिसेंबरात, नऊ तारखेला सकाळी, माझा धाकटा दीर गेल्याचा फोन आला.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्याची शाळेची चड्डी मी शिवलेली, त्याचा देवीचा ताप मी काढलेला, पुढे त्याच्या लग्नात करवलीसारखी मीच नाचले. मला वहिनी म्हणायचा, पण रडायला यायचं झालं की आईकडे नाही, माझ्याकडे. मुलगा त्याच दिवशी संध्याकाळच्या विमानाने गेला. माझ्या गुडघ्यांना तेवढा प्रवास झेपत नव्हता आणि तिकीटही एकच मिळालं. मी राहिले. सुनेला मी म्हटलं, "तू ऑफिसला जा, तुला काही पाळायला सांगत नाही. पण मी दहा दिवस सुतक धरणार." ती म्हणाली, "आई, तुम्हाला बरं वाटेल तसं करा."

दुसरं काय करणार होते मी त्याच्यासाठी इथे बसून? देवांवर पांढरं फडकं टाकलं. कुणाच्या घरी जायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, आपल्या हातचं बाहेर जाऊ द्यायचं नाही. तेवढंच माझ्या हातात होतं आणि ते मी घट्ट धरलं.

दहा तारखेला दुपारी ते म्हातारे फाइल घेऊन आले. मी ती घेतली, शिक्का मारला, तारीख लिहिली. चप्पल पायात घातली आणि तशीच थांबले. आजी गेल्या आठवड्यापासून खोकत होत्या, भिंतीतून ऐकू यायचं. तशाच अंगाने वर्षअखेरचं लोणचं घालत होत्या. दारात कोंड्याची पोती येऊन पडलेली मी पाहिली होती. आणि माझ्या डोक्यात आमच्या घरातलं सगळं उभं राहिलं: लोणच्याच्या बरणीला कुणी हात लावायचा, कुणी नाही, सुतकातल्या बाईची सावलीसुद्धा नको, बरणी नासते, वर्षाचं लोणचं जातं. म्हटलं, त्यांचं वर्षाचं पोट या लोणच्यावर. माझा सुतकाचा हात त्यांच्या घरात नको. फाइल मी चपलांच्या कपाटावर ठेवली. कचऱ्याचंच तर असणार.

सुनेने पाहिली नाही असं नाही. "ही दिली नाहीत अजून?" म्हणाली एकदा, केस बांधता बांधता. मी म्हटलं, "देते." ती ट्रेनला पळाली.

तेराचा बाजार गेला, अठराचा गेला. आजी खोकल्यामुळे दोन्हीला बसल्या नाहीत. एकोणीस तारखेला मी डोक्यावरून पाणी घेतलं, देवांवरचं फडकं काढलं, दिवा लावला आणि फाइल घेऊन शेजारी गेले. आजी बाहेर आल्या. नेहमीसारखं वाकून "नेहमीचेच उपकार" म्हणाल्या, फाइल दारातच उघडली. वरचाच कागद वाचला. मग आत गेल्या, शिक्का आणि लाल शाईची डबी घेऊन आल्या, त्याच कागदाच्या खाली आपलं नाव लिहिलं आणि शिक्का मारला. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात त्यांचं बोट वरच्या ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. मी पाहत होते. त्यांनी तो कागद अलगद पुठ्ठ्यावरून काढला, दोन घड्या केल्या, आणि मला पुन्हा वाकून म्हणाल्या, "आभारी आहे." मी घरी आले. दिवा तेवत होता. मला हलकं वाटत होतं, हे आता सांगायचीसुद्धा लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सुनेला सुट्टी होती. न्हावी दारात आला. आजींनंतर फाइल त्याच्याकडे जाते. तो दारातच हळू आवाजात बोलला, फाइल उघडून आमच्या चौकटीवर बोट ठेवलं. आली दहा, गेली एकोणीस. माझ्याच हातचे आकडे. सून दोनदा वाकली, तीनदा वाकली. तो गेल्यावर दार लावून ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, त्यात काय होतं माहितीये तुम्हाला?"

"कचरा?"

"बाजार अर्धा करतायत. घड्याळाच्या दुकानाकडचा भाग पार्किंगला देणार. राहिलेल्या भागात तीसच जागा. ज्यांना नवीन वर्षी बसायचंय त्यांनी अठरा तारखेपर्यंत नाव द्यायचं होतं. अठराला बाजार उठल्यावर चिठ्ठ्यासुद्धा टाकल्या."

"मग आजींना कुणी सांगितलं नाही?"

"त्या दोन बाजार आल्याच नाहीत ना! सगळ्यांना वाटलं वय झालं, सोडलं असेल. फाइल गेलीच आहे घरी, असं धरून चालले सगळे."

मी खाली बसले. तिला सुतकाचं, बरणीचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी हे न्हाव्याला कोणत्या तोंडाने सांगू? मी त्याला सांगितलंय, फाइल पुढे द्यायला घरी कुणी नव्हतं. हे भारतात, मी ऑफिसात."

"आणि मी?"

"तुम्ही..." ती थांबली. "तुम्हाला मी मोजलंच नाही, आई. चुकलं माझं. पण आता तेच राहू दे. आपल्याला याच गल्लीत राहायचंय."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मी मान हलवली, उठले आणि भाजी चिरायला घेतली. दोन दिवस मी त्या खोट्याच्या आडोशाला बसले. भिंतीपलीकडे आजी खोकायच्या आणि मी नळ मोठा सोडायची.

तेवीसला आजी बाजारात जाऊन बसल्या, जुन्या जागी, घड्याळाखाली. मी खिडकीतून त्यांना गाडी ओढत जाताना पाहिलं, पाठ अगदी काटकोनात वाकलेली. मला सहन होईना. सून घरूनच काम करत होती, तिला म्हटलं, "लॅपटॉप बंद कर. मला बाजाराच्या अध्यक्षांकडे घेऊन चल."

"आई, आता मीटिंग आहे."

"मग मी एकटी जाते. हातवारे करून सांगते."

ती घाबरली बहुतेक. कोट घातला.

अध्यक्षांचं चहापत्तीचं दुकान आहे. साठीतला शांत माणूस. आम्हाला बसवलं, चहा दिला. मी मराठीत सांगत गेले, सून जपानीत. दीर गेल्याचं सांगितलं तेव्हा ते उठून उभे राहिले आणि वाकले. त्यांच्यातही घरात कुणी गेलं की त्या वर्षी नववर्षाची पत्रं पाठवत नाहीत, देवळाच्या कमानीखालून जात नाहीत. त्यांना सगळं समजत होतं. मला धीर आला. मग त्यांनी सुनेला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, दुःखात असताना फाइल शेजारच्यांच्या टपालपेटीत सरकवली तरी चालते. सगळे तसंच करतात. तसं का नाही केलं?"

टपालपेटी दोन पावलांवर होती. सहा वर्षं रोज पाहत होते. मला सुचलं नव्हतं. खरं म्हणजे सुचू द्यायचं नव्हतं. दहा दिवस काही तरी कडक पाळायचं होतं, नाहीतर दीर गेला हे इथे कुणाला कळणार होतं?

अध्यक्षांनी दातांतून हवा आत ओढली. म्हणाले, अवघड आहे. तीस जागा, तीस चिठ्ठ्या निघाल्या. तरी ते उठले. "त्यांनाच विचारू. त्यांची इच्छा असेल तर सगळ्यांना पुन्हा बोलावतो." आम्ही तिघं घड्याळाच्या दुकानापर्यंत चालत गेलो. अध्यक्ष आजींच्या ताडपत्रीसमोर गुडघ्यांवर बसले. आजूबाजूचे लोक पाहू लागले. गटारापाशी बसणाऱ्या अंडीवाल्या बाईने हातातली टोपली खाली ठेवली.

आजींनी ऐकून घेतलं. एका गिऱ्हाइकाला मुळा बांधून दिला, सुटे परत केले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. सून माझ्या कानाशी कुजबुजली, "म्हणतायत, फाइलचा काही संबंध नाही. मी आधीच ठरवलं होतं. वय झालं. अठ्ठावीसला शेवटचा बाजार."

"खोटं आहे!" मी मराठीत ओरडले. "त्यांनी शिक्का मारलेला मी पाहिलाय. सांग त्यांना!"

सून सांगेना. आजी माझ्याकडे पाहत होत्या. तशी नजर त्यांनी माझ्याकडे कधी टाकली नव्हती. अध्यक्षांनी जमिनीला डोकं लागेल इतकं वाकून त्यांचे आभार मानले. सुटल्यासारखे दिसले. त्यांना तरी काय दोष द्यायचा.

दुपारी आम्ही दोघी आजींच्या घरी गेलो. त्या मागच्या दारी पिंपात हात घालून कोंडा खालीवर करत होत्या. कोपरापर्यंत हात पिवळे. आम्हाला बसा म्हणाल्या नाहीत. मी सुतकाचं सांगितलं, बरणीचं सांगितलं. सून शब्द शब्द जपानीत सांगत होती.

आजी हात न थांबवता बोलल्या. "माझे यजमान गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी या पिंपात हात घातला. रोज ढवळलं नाही तर कोंडा मरतो. तो काही वाट बघत नाही. तुमच्या हाताने माझं लोणचं नासलं असतं असं वाटलं तुम्हाला? साठ वर्षं काय काय गेलं या पिंपातून, तुम्हाला ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "मग तिथे का नाही बोललात? अध्यक्ष चिठ्ठ्या पुन्हा टाकायला तयार होते."

"अंडीवालीला कोपऱ्याची जागा लागली आहे," आजी म्हणाल्या. "इतकी वर्षं ती गटारापाशी बसली. आता तिची चिठ्ठी काढून घ्यायची? प्रत्येक बाजाराला मी तिच्या तोंडाकडे कसं बघू?" मग हात बाहेर काढले, कोंडा निपटला. "आणि तुम्ही तोंड बंद ठेवा. मी सांगितलं ते खरं धरा. इतकं तरी करा."

"आजी, मला माफ करा," मी म्हटलं. तो शब्द मला जपानीत येतो. त्यांनी पिंपावर झाकण ठेवलं आणि झाकणावर दगड. सून म्हणाली, "चला आई."

अठ्ठावीसला मी बोलावणं नसताना सकाळी सहाला त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी गाडीची एक बाजू माझ्याकडे दिली. बर्फ पडलेलं, चाकं रुतत होती. दिवसभर मी त्यांच्या ताडपत्रीच्या कडेला बसले आणि पिशव्या भरल्या. माणसं येत होती. कुणी हात धरत होतं, कुणी दोन पिशव्या जास्त घेत होतं. प्रत्येक जण तेच म्हणत होता, आता तेवढं जपानी मला कळतं: इतकी वर्षं केलंत, आता आराम करा, छान केलंत. आणि आजी प्रत्येकाला हसून सांगत होत्या, हो, ठरवलंच होतं, हाडं दुखतात. साठ-सत्तर वेळा तरी त्या हे खोटं बोलल्या असतील. मी शेजारी बसून प्रत्येक वेळी ऐकलं. एकदा एका म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून विचारलं, ही कोण? आजी म्हणाल्या, "शेजारीण. मदतीला आली आहे. चांगली बाई आहे." मी मान खाली घातली आणि सलगमाची पिशवी पुन्हा पुन्हा बांधत राहिले.

मुलगा बाराव्या-तेराव्याचं करून परत आला. त्याला सुनेने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, आजींनी स्वतःच सोडलं म्हणतायत ना सगळे? तू मनाला लावून घेऊ नकोस." गल्लीत कुणाला काही ठाऊक नाही. न्हावी मला रस्त्यात वाकून नमस्कार करतो. त्याच्या लेखी त्या दहा दिवसांत आमच्या घरी कुणी नव्हतं.

जानेवारीत पहिला बाजार तीनला भरला. उजाडायच्या सुमारास शेजारचं दार सरकल्याचा आवाज झाला. मी खिडकीशी गेले. आजी कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून अंगणात उभ्या होत्या. सवयीने उठल्या असतील. रस्त्यावरून अंडीवाली तिची गाडी ओढत गेली, तिने वाकून नमस्कार केला, आजींनीही केला. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी त्या तिकडे पाहत होत्या. मी शाल घेतली आणि बाहेर गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, आणि जे बोलायचं ते बोलायला त्यांनी बंदी घातलेली. कुंपणाच्या या बाजूला मी, त्या बाजूला त्या.

"थंडी आहे," मी म्हटलं.

"थंडी आहे," आजी म्हणाल्या, आणि आत गेल्या. दार त्यांनी लावून घेतलं. मी थोडा वेळ तिथेच उभी होते, मग मीही आत आले.